बाँडिंगची ती दोन मिनिटं: कॉम्पोझिट फिलिंगची कड टिकवण्याचा क्रम

कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं, लाइटने कडक होणारं फिलिंग) भरून वर्ष-दीड वर्ष झालं की कडेला तपकिरी रेघ उमटते. किंवा रुग्ण दुसऱ्याच दिवशी परत येतो आणि ‘चावलं की कळ जाते’ म्हणतो. अशा वेळी बहुतेक जण बाँडिंगच्या (फिलिंग दाताला चिकटवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीला दोष देतात आणि दुसरी मागवतात. बाटली नवी, हात तोच. वर्षभराने रेघही तीच. इंटर्न आणि नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेले डॉक्टर यांच्या शेजारी उभं राहून मी बरीच वर्षं हे काम पाहते आहे. चुका ठरावीक आहेत. त्यातल्या बहुतेक ॲसिड धुतल्यापासून लाइट लावेपर्यंतच्या दोन मिनिटांत होतात. म्हणून सगळं क्रमाने लिहिलं आहे. आधी एकदा पूर्ण वाचा, मग खुर्चीशेजारी ठेवून एकेक टप्पा करून पाहा.

सगळ्याच्या मुळाशी पाणी

हा भाग वगळू नका. तो समजला की पुढचे टप्पे पाठ करावे लागत नाहीत.

इनॅमलमध्ये, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थरात, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. ॲसिडने त्यात सूक्ष्म खाचा पडतात, कोरड्या खाचांत रेझिन (बाँडमधलं कडक होणारं द्रव्य) शिरतं आणि तिथेच कडक होतं. हा जोड वर्षानुवर्षं टिकतो. डेंटिनचं, म्हणजे इनॅमलखालच्या थराचं, तसं नाही. त्यात खनिज सुमारे ७० टक्के. बाकी कोलॅजन (प्रथिनाचे तंतू) आणि पाणी. शिवाय पल्पकडून (दाताच्या मधल्या जिवंत भागाकडून) द्रव आणणाऱ्या नलिका आहेतच. इनॅमलजवळच्या डेंटिनमध्ये त्या चौरस मिलिमीटरला सुमारे २० हजार असतात, पल्पजवळ ४५ हजारांच्या आसपास, आणि तिथे त्या रुंदही होतात. त्यामुळे कॅव्हिटी (फिलिंगसाठी केलेला खड्डा) जितकी खोल, तितका तळ ओला.

फॉस्फोरिक ॲसिड डेंटिनच्या वरच्या काही मायक्रॉनमधलं खनिज काढून नेतं. मागे कोलॅजनची जाळी उरते. तिला आता फक्त पाण्याचा आधार असतो. ते पाणी हवेने उडवलं तर जाळी चेपून बसते आणि रेझिनला वाट मिळत नाही. पाणी जास्त राहिलं तर रेझिन पातळ होतं आणि अर्धवटच कडक होतं. दोन्हीकडून परिणाम एकच: जाळीचा तळाचा भाग उघडा राहतो. त्या उघड्या कोलॅजनला डेंटिनमधलीच एन्झाइम्स, म्हणजे मेटॅलोप्रोटिनेज आणि कॅथेप्सिन, हळूहळू तोडत जातात. अर्धवट कडक झालेलं रेझिनही पाणी शोषून झिजतं. पहिल्या दिवशी यातलं काहीच दिसत नाही; २४ तासांनी जोडाची ताकद मोजली तरी ती चांगली भरते. नुकसान कळतं ते काही महिन्यांनी.

म्हणजे आपल्याला करायचं ते एवढंच: आधी योग्य तेवढं पाणी राखायचं, रेझिनला त्याची जागा घेऊ द्यायची, उरलेलं उडवायचं आणि नंतर बाहेरून पाणी शिरू द्यायचं नाही.

टप्पा १: हातातली बाटली कोणत्या घराण्यातली आहे ते ओळखा

बाँडिंग एजंटची ढोबळ तीन घराणी आहेत. पहिलं, ॲसिड लावून धुण्याचं. यात प्रायमर (डेंटिनला बाँडसाठी तयार करणारा द्रव) आणि बाँड वेगळे असतात किंवा एकाच बाटलीत. दुसरं सेल्फ-एच, यात ॲसिडधर्मी मोनोमरच (रेझिनचे मूळ रेणू) दात खरवडतं आणि आतही शिरतं, धुवायचं नसतं. हेही दोन बाटल्यांत किंवा एका बाटलीत मिळतं. तिसरं युनिव्हर्सल, ते दोन्ही पद्धतींनी वापरता येतं.

हिरडीजवळ झिजलेल्या दातांवर या बाँडिंगच्या दीर्घकाळ चाचण्या झाल्या आहेत. तिथे फिलिंग अडकून राहायला खाच नसते, सगळा भार बाँडिंगवर असतो, म्हणून ती खरी परीक्षा. त्यात वेगळ्या प्रायमर-बाँडची तीन टप्प्यांची पद्धत आणि सौम्य ॲसिडची दोन बाटल्यांची सेल्फ-एच या दोन्ही उत्तम टिकल्या. तीव्र ॲसिडच्या एका बाटलीतल्या सेल्फ-एच सगळ्यांत मागे पडल्या. बाटल्या कमी म्हणजे काम सोपं, हा समज मी पहिल्या दिवशीच खोडते. टप्पे कमी झाले की चूक सावरायला जागाही कमी उरते.

युनिव्हर्सल वापरत असाल तर माझी पसंती ठाम आहे: इनॅमलला फॉस्फोरिक ॲसिड लावा, डेंटिनला लावू नका. यातल्या बहुतेक बाटल्यांतलं एमडीपी हे मोनोमर दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक जोड करतं आणि तो जोड पाण्यात सहजासहजी सुटत नाही. डेंटिनला तीव्र ॲसिड लावून आपण नेमकं तेच कॅल्शियम धुऊन टाकतो.

बाटलीसोबतच्या पत्रकातून तीन गोष्टी कागदावर उतरवून ट्रॉलीवर चिकटवा: सॉल्व्हंट, म्हणजे रेझिन पातळ ठेवणारा द्रव, कोणता (ॲसिटोन, इथेनॉल की पाणी), किती सेकंद चोळायचं आणि लाइट किती सेकंद.

सावधान: एका कंपनीचा प्रायमर आणि दुसऱ्या कंपनीचा बाँड एकत्र वापरू नका. आणि एका बाटलीतल्या ॲसिडधर्मी बाँडवर सेल्फ-क्युअर (आपोआप कडक होणारं) किंवा ड्युअल-क्युअर (आपोआप आणि लाइटनेही कडक होणारं) कोअर मटेरियल (मोडलेला दात उभारायचं साहित्य) थेट टाकू नका. वरच्या थरातलं ॲसिड त्या मटेरियलमधलं अमाइन (कडक होणं सुरू करणारं द्रव्य) निकामी करतं आणि सांध्यावरचा थर कच्चा राहतो. त्यासाठीचा वेगळा ॲक्टिव्हेटर पत्रकात सांगितला असेल तर तो वापरायचाच.

टप्पा २: रुग्ण बसण्याआधीची तयारी

बाटली फ्रिजमध्ये ठेवत असाल तर कामाच्या बऱ्याच आधी बाहेर काढा. गार बाँडमधला सॉल्व्हंट नीट उडत नाही. मुदतीची तारीख पाहा. एका बाटलीतल्या, पाणी असलेल्या बाँडमधली मोनोमर बाटलीतच हळूहळू तुटत असतात, म्हणून इथे तारीख गंभीरपणे घ्यायची. थेंब काढला की झाकण लगेच लावा. ॲसिटोनची बाटली दिवसभर उघडी राहिली तर संध्याकाळी त्यात दाट रेझिन तेवढं उरतं आणि ते ओल्या जाळीत शिरत नाही.

थेंब आधीच काढून ठेवू नका. डिशमधला बाँड खुर्चीच्या दिव्याखाली उघडा राहिला की सॉल्व्हंट उडतो आणि कडक होणंही सुरू होतं. ॲसिड धुऊन झाल्यावर सहायकाने थेंब काढावा, हा क्रम बसवून घ्या.

लाइटचं टोक पाहा. त्यावर जुन्या कॉम्पोझिटचा ठिपका चिकटलेला असतो आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही. रेडिओमीटरवर (प्रकाशाची तीव्रता मोजणाऱ्या यंत्रावर) चौरस सेंटिमीटरला १००० मिलिवॉटच्या आसपास आकडा हवा. दर आठवड्याला मोजून लिहून ठेवा. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा तो घसरतोय का, हे जास्त सांगतं.

आणि हवा. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एकाच खुर्चीवरची हिरडीजवळची फिलिंग्ज सुटू लागली. बाटली बदलली, डॉक्टर बदलून पाहिले, फरक पडेना. शेवटी थ्री-वे सिरिंजची (हवा-पाणी मारायच्या नळीची) हवा तोंडाच्या आरशावर मारली तर काचेवर तेलाची धूसर झाक आली. कॉम्प्रेसरचा फिल्टर भरला होता. आम्ही प्रत्येक दात स्वच्छ धुऊन त्यावर स्वतःच तेल फवारत होतो.

तपासा: रोज सकाळी कोरड्या आरशावर पाच सेकंद फक्त हवेचं बटण दाबा. थेंब किंवा तेलकट झाक दिसली तर त्या खुर्चीवर त्या दिवशी बाँडिंग करू नका.

टप्पा ३: आधी काय झालंय ते विचारा, मग दात वेगळा करा

तीन गोष्टी विचारल्याशिवाय सुरुवात करू नका.

दात पांढरे करून घेतलेत का? पेरॉक्साइडनंतर दातात उरलेला ऑक्सिजन रेझिनला कडक होऊ देत नाही. किमान एक, शक्यतो दोन आठवडे थांबा.

तात्पुरतं फिलिंग युजेनॉलचं (लवंगतेलातल्या द्रव्याचं) होतं का? युजेनॉलही रेझिन कडक होण्याच्या आड येतं. नुसतं खरवडून भागत नाही. भिंती बरने (ड्रिलच्या फिरत्या टोकाने) ताज्या करा आणि पाण्यात कालवलेल्या प्युमिसने (बारीक खरखरीत भुकटीने) घासा.

रूट कॅनॉल नुकतंच झालंय का? त्यात वापरल्या जाणाऱ्या हायपोक्लोराइटने धुतलेल्या डेंटिनवर बाँडिंग कमजोर होतं. शक्य तिथे डेंटिनचा पातळ थर बरने काढून ताजा पृष्ठभाग मिळवा.

मग रबर डॅम, म्हणजे दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबराचा पडदा. आता लावायला लागणारा वेळ पुढच्या प्रत्येक टप्प्यात परत मिळतो. लाळ हा एक धोका झाला. दुसरा आहे श्वासातली वाफ. उघड्या तोंडात कॅव्हिटीवर दमट हवा सतत येत असते, आणि कापसाचे बोळे तिला अडवू शकत नाहीत. डॅम बसतच नसेल तर रिट्रॅक्शन कॉर्ड (हिरडी बाजूला सारणारा दोरा), चांगलं सक्शन आणि फक्त तेच काम करणारा सहायक हवा.

मॅट्रिक्स बँड (दाताभोवतीची पातळ पट्टी) आणि वेज (ती घट्ट दाबणारी पाचर) ॲसिडच्या आधी लावा. कॅव्हिटी हिरडीपर्यंत गेली असेल तर वेज घट्ट बसल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण पुढच्या दोन मिनिटांत हिरडीतून पाझरलेला एक थेंब सगळं बिघडवतो. रक्त थांबवायला फेरिक सल्फेट किंवा ॲल्युमिनियम क्लोराइड वापरलं असेल तर जोरात धुवा. त्याचा अंश डेंटिनवर चिकटून राहतो आणि सेल्फ-एचला आत जाऊ देत नाही; म्हणून त्या भागाला काही सेकंद फॉस्फोरिक ॲसिड लावून पुन्हा धुवा.

टप्पा ४: कड तयार करा

फिलिंग टिकतं ते कडेवर. खोल तळाशी किडीने बाधित झालेलं, थोडं रंगलेलं पण घट्ट डेंटिन पल्प वाचवण्यासाठी ठेवायला हरकत नाही. त्यावरचं बाँडिंग निरोगी डेंटिनपेक्षा कमजोर असतं, एवढं ध्यानात ठेवा. कडेला मात्र ही सवलत नाही. सगळ्या बाजूंनी इनॅमल आणि त्याला लागून सुमारे २ मि.मी. निरोगी डेंटिनचा पट्टा स्वच्छ मिळेपर्यंत थांबू नका. तळाला थोडी तडजोड झाली तरी हा पट्टा कॅव्हिटी बंद ठेवतो.

समोरच्या दातांत इनॅमलला छोटा तिरपा काप द्या. त्यामुळे ॲसिड इनॅमलच्या प्रिझमच्या (खनिजाच्या सूक्ष्म दांड्यांच्या) टोकांवर काम करतं आणि पकड वाढते. हिरडीकडचं इनॅमल पातळ असेल तर तिथे काप देऊ नका; उरलंसुरलं इनॅमलही जाईल आणि कड डेंटिनवर येईल. झिजून चकचकीत, पिवळट-काचेसारखं झालेलं डेंटिन ॲसिडला दाद देत नाही. ते बरने हलकंसं खरबरीत करा. न कापलेल्या इनॅमलवर बाँड जाणार असेल तर तेही आधी घासून घ्या.

खोल कॅव्हिटीत कॅल्शियम हायड्रॉक्साइड लावायचं असेल तर टाचणीच्या टोकाएवढं, फक्त पल्पच्या सर्वांत जवळच्या जागी. त्यावर रेझिन चिकटत नाही. तळभर पसरलेलं हे लायनर (तळाचं अस्तर) म्हणजे बाँडिंगसाठी तेवढी जागा गेली.

टप्पा ५: ॲसिड, आणि घड्याळ

३२ ते ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडचं जेल. सुरुवात नेहमी इनॅमलपासून.

फक्त इनॅमलला लावायचं असेल तर बारीक टोकाने कडेकडेने ३० सेकंद. डेंटिनलाही लावायची पद्धत असेल तर आधी इनॅमलला १५ सेकंद, मग डेंटिनवर पसरवून पुढचे जास्तीत जास्त १५ सेकंद. म्हणजे इनॅमलला ३० मिळतात, डेंटिनला १५ च्या वर जात नाही.

डेंटिनवर ॲसिड जास्त वेळ राहिलं तर खनिज खोलवर निघून जातं आणि रेझिन तितकं खोल पोहोचत नाही. मधल्या उघड्या पट्ट्यातच पुढे कोलॅजन तुटतं. ‘थोडं जास्त ठेवलं, पकड चांगली येईल’ हे वाक्य मी सर्वांत जास्त ऐकते. इनॅमलपुरतं त्यात फारसं बिघडत नाही. डेंटिनवर मात्र याच विचाराने जोडाचं आयुष्य कमी होतं.

फ्लोरोसिस (जास्त फ्लोराइडमुळे होणारा बदल) झालेलं इनॅमल ॲसिडला सहज दाद देत नाही. वरचा थर बरने थोडा काढा आणि वेळ वाढवा.

सावधान: सेकंद मनात मोजू नका. तणावात माणूस भराभर मोजतो किंवा बोलता बोलता विसरतो. सहायकाला मोठ्याने मोजायला लावा.

टप्पा ६: धुणं आणि ओलावा

इथे सर्वांत जास्त वेळ घालवणार आहे, कारण इथेच सर्वांत जास्त बिघडतं.

धुवायला किमान १५ सेकंद द्या. हवा आणि पाणी एकत्र मारा, सक्शन जवळ धरा. जेलचा रंग गेला म्हणजे ॲसिड गेलं असं नाही. त्यातलं घट्टपणा आणणारं द्रव्य कोपऱ्यांत चिकटून राहतं.

यापुढे पद्धतीप्रमाणे वाटा फुटतात.

डेंटिनला ॲसिड लावलं असेल तर हवा थेट कॅव्हिटीत मारू नका. साचलेलं पाणी सक्शनने ओढा, मग छोट्या स्पंजने किंवा कोरड्या मायक्रोब्रशने टिपून घ्या. डेंटिनवर मंद, एकसारखी चमक हवी. थेंब सरकताना दिसला तर पाणी जास्त. पृष्ठभाग मळकट, खडूसारखा दिसला तर जास्त वाळलंय. ॲसिटोनच्या बाँडला पृष्ठभाग जरा जास्त ओला लागतो. पाणी असलेला बाँड थोडं वाळलेलं सावरून घेतो.

इथे एक अडचण येते. इनॅमल नीट खरवडलं गेलं का, हे पाहायला ते पूर्ण वाळवावं लागतं, आणि त्यात डेंटिनही वाळतं. त्याची भीती बाळगू नका. इनॅमल वाळवून तपासा, मग पाण्यात भिजवलेल्या आणि टिपून घेतलेल्या ब्रशने डेंटिन पुन्हा ओलं करा आणि दहा-पंधरा सेकंद थांबा. बसलेली जाळी पाण्याने पुन्हा वर येते.

डेंटिनला ॲसिड लावलं नसेल, म्हणजे सेल्फ-एच किंवा युनिव्हर्सलची माझ्या पसंतीची वाट असेल, तर काम सोपं आहे. हलकी हवा मारा, पाण्याचा थर दिसता कामा नये. पण मिनिटभर वाळवत बसू नका. या बाटल्यांमधल्या ॲसिडला काम करायला थोडं पाणी लागतं आणि ते बाटलीत असतंच.

तपासा: वाळवल्यावर इनॅमलची कड सगळीकडे एकसारखी पांढरी धूसर दिसली पाहिजे. जिथे चमक राहिली तिथे ॲसिड पोहोचलं नाही किंवा लाळ लागली. तेवढ्या भागाला पुन्हा १५ सेकंद.

क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाबद्दल नेहमी प्रश्न येतो. ॲसिडनंतर २ टक्के द्रावण लावलं तर कोलॅजन तोडणारी ती एन्झाइम्स दबतात आणि प्रयोगशाळेत जोड जास्त काळ टिकतो. रुग्णांवरच्या चाचण्यांत मात्र फिलिंग टिकण्यात ठळक फरक दिसलेला नाही. लावायचं तर लावा. त्याच्या भरवशावर पुढचा टप्पा घाईत उरकू नका.

टप्पा ७: बाँड चोळा, नुसता लावू नका

भरपूर ओला मायक्रोब्रश घ्या आणि डेंटिनवर पूर्ण २० सेकंद चोळत राहा. तेवढ्यात ब्रश कोरडा पडला तर पुन्हा बुडवा. चोळल्याने ताजं मोनोमर सतत खाली जातं आणि पाणी वर येतं. बाँड लावून ब्रश उचलला आणि वाट पाहत बसलं, तर वरचा थर तसाच राहतो.

सगळीकडे एकदा फिरवून ब्रश कोपऱ्यात न्या. हिरडीकडचा आतला कोपरा आणि मॅट्रिक्सच्या कडेची फट, या दोन जागा नेहमी सुटतात. शिकणाऱ्यांना मी सांगते, वेळेचा अर्धा भाग हिरडीकडच्या तळाला द्या. दोन थर सांगितले असतील तर दोन्ही चोळूनच. ॲसिड लावून धुण्याच्या पद्धतीत प्रायमर वेगळा असेल तर तो आधी पूर्ण वाळवा, मगच बाँड.

टप्पा ८: सॉल्व्हंट उडवा

बाँडमधला सॉल्व्हंट आणि पाणी आत अडकलं तर पुढचं सगळं व्यर्थ. कडक झालेल्या थरात सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि पाण्याला आत-बाहेर करायला वाट मिळते. वर्षभरानंतरची तपकिरी रेघ पुष्कळदा इथे सुरू होते.

आधी लांबून, अगदी हळू हवा. थरावर लाटा दिसतील. त्या लाटा शांत होत गेल्या की हवा जवळ आणा आणि जोर वाढवा. थर हलायचा पूर्ण थांबेपर्यंत हवा चालू ठेवा. पत्रकात ५ सेकंद लिहिलं असलं तरी खोल बॉक्समध्ये (दोन दातांमधल्या बाजूच्या खड्ड्यात) तेवढ्यात भागत नाही. १० सेकंद धरून चाला आणि शेवटी डोळ्यांनी ठरवा. सुरुवातीलाच जोरात हवा मारली तर बाँड उडून भिंतीवर चढतो आणि तळ उघडा पडतो.

उलट चूकही आहेच. कोपऱ्यात साचलेला बाँड तसाच राहिला तर तो जाड पट्टा एक्स-रेवर काळा दिसतो, आणि पुढच्या डॉक्टरला वाटतं की फिलिंगखाली कीड आहे. साचलेलं कोरड्या मायक्रोब्रशने टिपा. पण टिपता टिपता थर इतका पातळ करू नका की पृष्ठभाग मळकट दिसेल. फार पातळ थर हवेतल्या ऑक्सिजनमुळे कडकच होत नाही.

तपासा: सगळ्या भिंतींवर एकसारखी, स्थिर चमक. मळकट ठिपका दिसला तर टप्पा ७ पुन्हा, फक्त त्या ठिपक्यापुरता नव्हे तर पूर्ण कॅव्हिटीत.

एका बाटलीतला बाँड असेल आणि कड डेंटिनवर येत असेल, तर मी त्यावर पाणी न शोषणाऱ्या साध्या बाँडिंग रेझिनचा आणखी एक पातळ थर देते. एका बाटलीतले बाँड पाणी ओढणारे असतात. हा थर त्यांच्यावर छत्री धरतो.

टप्पा ९: लाइट

पत्रक १० सेकंद म्हणतं ते टोक दाताला जवळपास टेकलेलं असताना. दाढेच्या बॉक्सचा तळ टोकापासून सहज ६ ते ८ मि.मी. लांब असतो आणि तिथे प्रकाश बराच कमी पोहोचतो. म्हणून २० सेकंद द्या. टोक पृष्ठभागाशी काटकोनात धरा. तिरकं धरलं तर मॅट्रिक्सची सावली नेमकी हिरडीच्या कडेवर पडते. नारंगी चष्मा लावून स्वतः पाहत धरा. मान वळवली की हात सरकतो.

लाळ किंवा रक्त लागलं तर

लाइटच्या आधी लागलं: धुवा, वाळवा, ॲसिडची पद्धत असेल तर ॲसिड थोडक्यात पुन्हा लावून धुवा, मग बाँड पहिल्यापासून. लाइटच्या नंतर लागलं: धुवा, वाळवा, बाँडचा ताजा थर, पुन्हा लाइट. रक्त असेल तर पृष्ठभाग बरने हलकासा ताजा करा. नुसतं पुसून पुढे जाणं ही वाट कधीच नाही.

टप्पा १०: कॉम्पोझिटचे पहिले थर

कॉम्पोझिट कडक होताना साधारण २ ते ३ टक्के आकसतं. कोवळ्या जोडाला तो ओढा सोसावा लागतो. जितक्या जास्त भिंतींना एकाच वेळी चिकटेल, तितका ओढा जास्त. दाढेच्या वरच्या खड्ड्यात पाच भिंती आणि मोकळा पृष्ठभाग एकच.

बाँडवर आधी फ्लोएबलचा (वाहत्या कॉम्पोझिटचा) अगदी पातळ थर, अर्धा मि.मी., आणि लाइट. मग २ मि.मी.पेक्षा जाड नसलेले तिरपे थर. एकच थर समोरासमोरच्या दोन भिंतींना टेकवू नका. बल्क-फिल (जाड थरात भरायचं कॉम्पोझिट) ४ मि.मी.पर्यंत चालतं, पण त्याने बाँडिंगच्या आधीच्या चुका भरून निघत नाहीत.

हिरडीकडची कड इनॅमलखाली, सिमेंटमवर (मुळावरच्या थरावर) गेली असेल तर ती सर्वांत कमजोर जागा. लाळ तिथे नीट थांबत नसेल तर मी तिथे कॉम्पोझिटचा आग्रह धरत नाही. रेझिन-मॉडिफाइड ग्लास आयोनोमरचा (दाताला आपोआप चिकटणाऱ्या साहित्याचा) तळ देऊन वर कॉम्पोझिट भरते.

टप्पा ११: फिनिशिंग, आणि नंतरची भेट

पाण्याखाली, हलक्या हाताने, बर कॉम्पोझिटकडून दाताकडे फिरवा. कोरडं आणि जोरात केलं की कडेला पांढरी रेघ उठते. ती इनॅमलची बारीक चीर असते. दिसली तर ॲसिड, धुणं, वाळवणं, पातळ रेझिन, लाइट. पाच मिनिटांचं काम, पण करायचंच.

पुढच्या भेटीत रेघ दिसली की फिलिंग काढायला धावू नका. वरवरचा डाग पॉलिशने जातो आणि एक्स्प्लोरर (टोकदार तपासणी सळई) अडकला एवढ्यावरून खाली कीड आहे असं ठरत नाही. मऊ डेंटिन, उघडी खाच, एक्स-रेवर आधीपेक्षा वाढलेली काळी जागा, हे पाहा. त्यातलं काही नसेल तर पॉलिश आणि लक्ष ठेवणं. कडेचा एकच भाग उघडला असेल तर तेवढाच बरने उघडा, जुनं कॉम्पोझिट खरबरीत करा, इनॅमलला ॲसिड लावा आणि त्याच क्रमाने दुरुस्त करा. पूर्ण फिलिंग काढताना दर वेळी थोडं निरोगी दातही जातं.

केस पेपरवर चार गोष्टी लिहा: बाँडचं नाव, डेंटिनला ॲसिड लावलं की नाही, डॅम होता की नाही, हिरडीकडची कड कशावर आहे. एक फोटो त्याच दिवशी काढा. वर्षभराने तोच दात वाळवून त्याच कोनातून पुन्हा काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून कडेवरून नजर फिरवा.